रस्त्याचं काम सुरू असताना पाणी बिघडतं कुठून? या चुका टाळा

रस्ता खोदला की धूळ आणि वाहतूककोंडीबद्दल ओरड होते, पाण्याचं मात्र कुणी नाव काढत नाही. पावसाळी गटाराच्या जाळीत गेलेलं पाणी पुढे शुद्धीकरण केंद्रात जात असेल, असं साइटवर बरेच जण धरून चालतात. मलवाहिनी आणि पावसाळी गटार वेगवेगळं असतं तिथे जाळीतलं पाणी थेट नाल्यात उतरतं आणि तिथून नदीत किंवा तलावात. वाटेत ना गाळणी, ना टाकी. म्हणून बॅरिकेड लावण्याआधी कामाच्या हद्दीतली प्रत्येक जाळी नकाशावर मांडा आणि तिचं पाणी शेवटी कुठे पडतं ते चालत जाऊन बघा. हे न केल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका होतात.

मिक्सर जाळीपाशी धुणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच, आणि ती सर्रास होते. काँक्रीट ओतून झालं की मिक्सरवाला च्यूट, म्हणजे काँक्रीट उतरायची पन्हळ, धुतो, तेही रस्त्याच्या कडेला, कारण पाणी आपोआप निघून जातं. ते दिसतं नुसतं राखाडी, पण सिमेंटमधल्या चुन्यामुळे त्याचा सामू, म्हणजे पीएच, १२ ते १३ पर्यंत असतो. सामूची प्रत्येक पायरी दहापटीची. म्हणजे १२ सामूचं पाणी ७ च्या साध्या पाण्यापेक्षा लाखपट अल्कधर्मी. सामू ९ च्या वर गेला की माशांचे हाल सुरू होतात.

इथे दोन पळवाटा हमखास सुचवल्या जातात. एक, भरपूर पाणी मिसळा. कागदावरच्या हिशोबाने १२ चा सामू ९ वर आणायला एका ड्रमला हजार ड्रम पाणी लागेल. दुसरी, निवळू द्या आणि मग सोडा. गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं, पण सामू जिथल्या तिथेच राहतो. सामू मोजायची पट्टी (पीएच पेपर) बुडवल्याशिवाय नितळपणावर विश्वास ठेवू नका.

धुण्यासाठी जाळीपासून लांब, जाड प्लास्टिक अंथरलेला खड्डा ठेवा. वाळलेला थर राडारोड्यात टाका, उरलेलं पाणी पुढच्या धुण्याला वापरा. सामू उतरवायचाच असेल तर ॲसिड ओतण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड सोडणं बरं, चुकून जास्त झाला तरी सामू ॲसिडसारखा धाडकन कोसळत नाही. काँक्रीटचे सांधे कापताना कटरखाली जमणारी राखाडी स्लरी, म्हणजे सिमेंटचं दाट पाणी, हीसुद्धा याच जातीची. ती ओली असतानाच ओढून घ्या.

चरातला उपसा थेट गटारात

चरात पाणी साचतं, पंप लागतो, पाइपचं तोंड तळाला टेकलेलं असतं आणि पाण्याबरोबर चिखलही निघतो. आधी तोंड वर उचला. छिद्रं पाडलेला ड्रम चरात उभा करा, भोवती खडी टाका आणि उपसा ड्रमच्या आतून करा.

त्यापुढे निवळण टाकी. पण टाकी सगळ्या मातीला पुरत नाही. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण मीटरभर पाण्यात दोनेक मिनिटांत तळ गाठतो, ०.०१ मिलिमीटरच्या कणाला दोन-तीन तास लागतात, आणि ०.००१ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण आठवडाभरही अधांतरी राहतो. टाकी मागवण्याआधी उपशाचं पाणी एका पारदर्शक बाटलीत भरून तासभर ठेवा. तरीही बाटलीतून पलीकडचं दिसत नसेल तर नुसत्या टाकीने काम होणार नाही. तुरटीसारखं औषध बाटलीत मात्रा ठरवून वापरावं लागेल (तुरटीने सामू उतरतो, तेही तपासा), किंवा परवानगी घेऊन ते पाणी मलवाहिनीत सोडावं लागेल.

जाळीवर प्लास्टिक टाकून निर्धास्त होणं

पाऊस येतो, रस्ता तुंबतो, रात्री कुणीतरी वैतागून ते प्लास्टिक फाडतो आणि साचलेला सगळा चिखल एका दमात आत जातो. जाळीभोवती गोण्या रचा, पण मातीच्या नको, खडीच्या. मातीची गोणी फाटली की तीच गाळ होते. गोण्यांमध्ये फट ठेवू नका आणि निम्म्या उंचीपर्यंत गाळ चढला की उपसा. आणि रस्ता झाडा, धुऊ नका.

डांबर, डिझेल

टॅक कोटचं (डांबराचे दोन थर चिकटवायच्या लेपाचं) इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, फवारल्यावर तपकिरी असतं, बसलं की काळं पडतं. तपकिरी असताना सर आली तर ते वाहून जातं, तेव्हा आभाळ बघूनच फवारा. डिझेलच्या टाकीभोवती तिच्या क्षमतेच्या ११० टक्के मावेल असा बांध घाला. सांडलंच तर भुसा किंवा कोरडी वाळू टाका. साबणाने धुतलं की तवंग डोळ्यांआड होतो, पण तेल पाण्यात मिसळून पुढे जातंच.

नळाला गढूळ पाणी आलं तर

ठरावीक वेळेलाच पाणीपुरवठा होतो तिथे हा धोका मोठा. खोदाईत जलवाहिनीला बारीक चीर गेली तर पाणी चालू असताना ते फक्त गळतं. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब पडतो आणि त्याच चिरेतून चरातलं पाणी आत ओढलं जातं. शेजारची मलवाहिनीही फुटलेली असेल तर काय आत जातं ते सांगायला नको. पहिली काही मिनिटं गढूळ आणि मग स्वच्छ, एवढ्यावरून वाहिनीतला सुटलेला गंज की बाहेरची घाण हे कळत नाही. वास घ्या आणि नळाला उरलेला क्लोरीन तपासा. शेजारच्या गल्लीत लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम येतो आणि इथे शून्य, तर चीर इथेच शोधा. ती सापडेपर्यंत चर बुजवू नका, आणि घरोघरी पाणी उकळून प्यायला सांगा.

रंगावरून मूळ शोधा

नाल्याच्या तोंडाशी पाणी पांढुरकं-राखाडी असेल तर सिमेंट: मिक्सर किंवा कटर कुठे चालू आहे ते बघा. तपकिरी असेल तर उघडी माती किंवा उपसा: आधी पंप बंद करा. इंद्रधनुषी तवंग दिसला तर लगेच डिझेलवर खापर फोडू नका. काडीने तो हलवा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळेच राहिले तर तो लोहजीवाणूंचा थर, नैसर्गिक असतो. तवंग फिरून पुन्हा जुळला तर तेल समजा, आणि वरच्या अंगाला उभ्या असलेल्या प्रत्येक यंत्राखाली वाकून बघा.