पीएमपीची पुस्तकं घ्यायची तर आधी चुकलेलं उत्तर वाचून बघा

आमच्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या प्लांटमध्ये प्रोजेक्ट विभागात वाळपईचा एक मुलगा आहे. परवा कॅन्टीनमध्ये चहा घेऊन समोर येऊन बसला आणि म्हणाला, "बाय, पीएमपीक कितें वाचूं?" पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट (पीएमआय) घेते ती प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा. त्याने मोबाइल पुढे केला. त्यात सात पुस्तकं, तीन कोर्स आणि कुणीतरी ग्रुपवर टाकलेली दोन हजार प्रश्नांची फाइल. मी त्याला म्हटलं, आधी हे सगळं बंद कर.

कारण २०२२ मध्ये मी नेमकं हेच केलं होतं. पीएमबॉक गाइड या पीएमआयच्या जाडजूड ग्रंथाची सहावी आवृत्ती जुन्या पुस्तकांतून स्वस्तात मिळाली. सातशेवर पानं, दहा नॉलेज एरिया, एकोणपन्नास प्रक्रिया, प्रत्येकीचे इनपुट आणि आउटपुट. ती आवृत्ती २०१७ ची. डिचोलीहून वेर्ण्याला जाताना बस जुन्या झुआरी पुलावर अडकली की मी ते तक्ते पाठ करायची, आणि बस रोज अडकायची. मग परीक्षा दिली आणि नापास झाले. परीक्षेचा आराखडा जानेवारी २०२१ मध्येच बदलला होता. माझं पाठांतर पक्कं होतं, पण प्रश्न वेगळेच होते.

निकालात गुण येत नाहीत. प्रत्येक विभागासाठी चारपैकी एक शेरा मिळतो: अबव्ह टार्गेट, टार्गेट, बिलो टार्गेट किंवा नीड्स इम्प्रूव्हमेंट. मला प्रोसेसमध्ये, म्हणजे कामाच्या पद्धतींत, टार्गेट होतं आणि पीपलमध्ये, म्हणजे माणसं सांभाळण्यात, सगळ्यात खालचा शेरा. त्या एका पानावरून कळलं की माझ्याकडे कुठलं साहित्य नव्हतंच.

म्हणून पहिली गोष्ट फुकटात होते. पीएमआयच्या संकेतस्थळावरून एक्झाम कन्टेंट आउटलाइन, म्हणजे परीक्षेचा आराखडा, उतरवून घ्या. थोड्याच पानांचा दस्तऐवज आहे, पण प्रश्न त्यावरून बनतात. पीएमबॉक हा संदर्भग्रंथ आहे, अभ्यासक्रम नव्हे. मी दोन्ही वेळा बसले तेव्हा पीपल ४२ टक्के, प्रोसेस ५० आणि बिझनेस एन्व्हायर्नमेंट ८ अशी विभागणी होती, आणि साधारण निम्मे प्रश्न अजाइल (काम छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत करायचं) आणि हायब्रिड (थोडं तसं, थोडं आधी सगळं ठरवून) पद्धतींवर. जुलै २०२६ पासूनच्या आराखड्यात हेच आकडे ३३, ४१ आणि २६ झाले. जो विभाग मी दोन संध्याकाळींत उरकला, तो आता पाव परीक्षा आहे. तेव्हा कुठलंही पुस्तक किंवा कोर्स हातात घेतला की आधी तो कुठल्या आराखड्यावर बेतलेला आहे ते बघा. मुखपृष्ठावर 'नवीन' आणि 'सुधारित' काहीही छापतात. अनुक्रमणिका आणि आराखडा शेजारी ठेवून जुळवा. जुळत नसेल तर पुस्तक कितीही गाजलेलं असो, परत ठेवा.

आमच्या वाळपईकराचा घोटाळा वेळेचा होता. चार वर्षांची पदवी असेल तर छत्तीस महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागतो. नुसतं प्रकल्पात बसून भागत नाही, तो चालवलेला असावा लागतो. त्याचे अजून सात महिने बाकी. आज घाईने घेतलेली प्रश्नपेढी, म्हणजे सरावाच्या प्रश्नांचा संग्रह, त्याचा अर्ज मंजूर होईपर्यंत मुदत संपून बसली असती, कारण अशा पेढ्या बहुधा काही महिन्यांच्या वर्गणीवर मिळतात. परीक्षेची तारीख साधारण ठरल्याशिवाय मुदतीची कुठलीच वस्तू विकत घेऊ नका. अनुभव अगदीच नसेल तर कॅपम ही धाकटी परीक्षा आहे. तिला अनुभव लागत नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं.

पीएमपीला प्रशिक्षण ३५ तासांचं. ते ऐच्छिक नाही, अर्जात दाखवावं लागतं. पीएमआयच्या अधिकृत प्रशिक्षण भागीदारांचे थेट वर्ग महाग असतात, रेकॉर्ड केलेले कोर्स स्वस्त. स्वस्तातला घेतलात तरी चालतो, पण शेवटी मूल्यमापन चाचणी आहे का आणि प्रमाणपत्रावर तास लिहिलेले असतात का, हे दोन प्रश्न आधी विचारा. पहिल्या खेपेला मी ज्या वर्गाला पैसे भरले तिथले सर शनिवारी-रविवारी स्लाइड वाचून दाखवत. कुणी शंका विचारली की "ते पुढे येईल" म्हणत. ते पुढे कधी आलं नाही. तेव्हापासून माझा नियम असा, की फुकट मिळणारा एक नमुना धडा पूर्ण ऐकायचा आणि फोन बाजूला ठेवून त्यातलं काय आठवतं ते मराठीत कागदावर लिहायचं. अर्धं पान भरलं नाही तर तो शिक्षक आपला नव्हे. इंग्रजी फाडफाड असणं वेगळं आणि शिकवणं वेगळं.

संदर्भग्रंथासाठी वेगळे पैसे मोजायच्या आधी पीएमआयच्या सदस्यत्वाचा हिशोब करा. सदस्याला परीक्षेच्या फीत सवलत मिळते आणि पीएमबॉकची पीडीएफही उतरवून घेता येते. सातवी आवृत्ती २०२१ ची, बारा तत्त्वांची. पुढे २०२५ च्या अखेरीस आठवी आली. ती कव्हर टू कव्हर वाचायची गरज नाही. कोर्समध्ये जिथे अडलं तिथे उघडायची. पीएमआयचंच अजाइल प्रॅक्टिस गाइड मात्र मी दोनदा वाचलं. फार्मा प्लांटमध्ये आमची कामं पाइपिंग, क्लीनरूम, व्हॅलिडेशन अशी, तिथे स्प्रिंट (अजाइलमधला काही आठवड्यांचा कामाचा टप्पा) कुणी पाहिलाय? ज्यांचं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, त्यांना उलट बजेट आणि कंत्राटांचा भाग जड जातो. आपल्या ऑफिसात जे घडत नाही, त्यासाठी पुस्तक घ्यावं.

आता प्रश्नपेढी. जास्तीत जास्त पैसे इथे टाका आणि जास्तीत जास्त चिकित्साही इथेच करा. किती प्रश्न आहेत हे विचारू नका. चुकलेल्या उत्तराखाली काय लिहिलंय ते वाचा. एक नमुना मीच बनवते:

पाइपिंगच्या ड्रॉइंगवरून दोन इंजिनिअरांचं वाजलंय, एकाने दुसऱ्याच्या मेलला उत्तर देणं सोडलंय. प्रोजेक्ट मॅनेजरने आधी काय करावं? अ) विभागप्रमुखांना कळवावं. ब) एकाला दुसऱ्या कामावर टाकावं. क) दोघांशी बोलून कारण समजून घ्यावं. ड) आढावा बैठकीत विषय काढावा.

आमच्याकडे शंभरातले नव्वद जण 'अ' म्हणतील. साहेबांच्या कानावर घातलं म्हणजे आपण सुटलो! पीपलमध्ये मी आपटले ती याच सवयीने. उत्तर 'क' आहे. सुमार पेढी त्याखाली लिहिते, "क बरोबर, कारण संघर्ष सोडवणं मॅनेजरचं काम आहे." याने काही शिकायला मिळत नाही. चांगली पेढी उरलेल्या तिघांचीही झडती घेते. वर कळवायचं ते आपल्या अधिकाराबाहेरचं असेल तेव्हा. बदली केली की कारण तसंच राहतं. बैठकीत काढलं तर चारचौघांत दोघांचीही शोभा होते. आणि कुठला शब्द बदलला असता तर 'अ' बरोबर ठरलं असतं, हेही ती सांगते. पैसे भरण्याआधी असे दहा फुकट प्रश्न सोडवा आणि फक्त स्पष्टीकरणं वाचा.

दुसरी खूण. पेढीत "नियोजन गटात किती प्रक्रिया आहेत?" असे प्रश्न भरलेले असतील तर ती जुनी आहे. (सहाव्या आवृत्तीत चोवीस. मला अजून पाठ आहे, उपयोग शून्य.) आताचे प्रश्न प्रसंग देऊन 'आधी काय', 'पुढे काय' विचारतात. तिसरी खूण अशी की प्रश्न कुठल्या पद्धतीचा आहे हे ओळखायला पेढी शिकवते का? ग्राहकाने मध्येच नवी मागणी केली, तर आधीच सगळं ठरलेल्या प्रकल्पात तिचा परिणाम तपासून चेंज कंट्रोल बोर्डापुढे, म्हणजे बदल मंजूर करणाऱ्या समितीपुढे, न्यायची. अजाइलमध्ये ती प्रॉडक्ट ओनरकडे जाते आणि बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, तिची जागा तो ठरवतो. प्रसंग तोच, उत्तरं दोन.

सूत्रांसाठी वेगळं पुस्तक घेऊ नका. अर्न्ड व्हॅल्यूचं (झालेल्या कामाची किंमत मोजण्याचं) एक गणित नीट समजलं की पुरे. कुंपणाच्या भिंतीचं बजेट दहा लाख. आजपर्यंत चार लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालं तीन लाखांचं, खर्च साडेतीन लाख. तीनला साडेतीनने भागा, खर्चाचा निर्देशांक ०.८६. तीनला चारने भागा, वेळेचा ०.७५. दोन्ही एकाच्या खाली, म्हणजे पैसाही जास्त जातोय आणि कामही मागे आहे. असंच चाललं तर भिंत पावणेबारा लाखांच्या आसपास जाईल. हे ज्याला गड्यासमोर उभं राहून सांगता येतं त्याला परीक्षेतलंही येतं.

त्या दोन हजार प्रश्नांच्या फाइलीबद्दल. "खऱ्या परीक्षेतलेच प्रश्न" असं म्हणून जे फिरतं ते घेऊ नका. परीक्षेतला मजकूर बाहेर न सांगण्याचं आपण परीक्षेपूर्वी मान्य केलेलं असतं, आणि निकाल रद्द होऊ शकतो हा धोका आहेच. शिवाय त्यातली उत्तरं कुणी तपासलीत, देव जाणे. मी पन्नास तपासले होते, उत्तरतालिका स्वतःशीच भांडत होती.

पूर्ण लांबीच्या निदान दोन चाचण्या साहित्यात हव्यात. माझ्या वेळी १८० प्रश्न, २३० मिनिटं, साठ-साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांच्या दोन सुट्या. सुटी घेतली की मागच्या प्रश्नांकडे परतता येत नाही. ज्या पेढीची चाचणी हे गट पाळत नाही तिची सवय उलटी पडते. मी त्या चाचण्या रविवारी सकाळी घरी दिल्या, पाववाल्या पोदेराचा भोंगा, आईची "चहा ठेवू का?" यांच्यासकट. बाकीचं वाचन मी पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून केलं. परीक्षा घरून ऑनलाइन देणार असाल तर कच्च्या कामाला कागद मिळत नाही, पडद्यावरच्या फळ्यावर लिहावं लागतं. तेव्हा सरावातही कागद दूर ठेवा.

प्रवास जास्त असेल तर फोनवर चालणारी पेढी घ्या, जाडजूड पुस्तक बसमध्ये उघडलं जात नाही. माझं दुसऱ्या खेपेचं वेळापत्रक पुलावरच्या कोंडीवर बेतलेलं होतं. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस नवा झुआरी पूल खुला झाला आणि माझा रोजचा अर्धा तास गेला! सगळा गोवा खूश आणि मी एकटी हिरमुसलेली.

शेवटी माझ्याकडे इतकंच होतं: आराखडा, एक कोर्स, दोन पीडीएफ, एक पेढी आणि शंभर पानी वही. वहीत मराठी. 'रिस्क' पुढे "अजून घडलं नाही", 'इश्यू' पुढे "घडलं, आता निस्तरा". चवथीला पाऊस येईल ही रिस्क, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं भिजली हा इश्यू. २०२३ मध्ये पास झाले.

वाळपईकराने वही मागितली. दिली नाही. आराखडा बदललाय आणि अक्षर माझं मलाच लागत नाही. सहावी आवृत्तीही मागत होता, तीही दिली नाही. मार्च आला की परत ये म्हटलंय, तेव्हा दोन पेढ्यांचे दहा-दहा फुकट प्रश्न सोडवून आण, स्पष्टीकरणं मी वाचते.