नवी गाडी घ्यावी की वापरलेली, हे कसे ठरवावे

नवी गाडी घेताना आपण मॉडेल निवडतो; वापरलेली घेताना मात्र एकच एक, ठरावीक गाडी निवडतो. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात बाहेर पडलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचे तेल वेळच्या वेळी बदलले गेले असेल आणि दुसरी तेल आटेपर्यंत पिटाळली गेली असेल, तरी पाच वर्षांनी जाहिरातीत दोघी सारख्याच दिसतात. त्यामुळे ‘वापरलेली घ्यावी’ असे उत्तर आले, तरी ते समोरच्या गाडीची तपासणी होईपर्यंत अपुरेच राहते. या निर्णयाचे दोन टप्पे करावेत असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते: आधी घरी बसून हिशेब करावा आणि मगच गाडी पाहायला जावे. हा क्रम उलटला की गाडी मनात भरते आणि तिला योग्य ठरवण्यासाठी हिशेब रचला जातो.

हिशेब: किंमत नव्हे, वर्षे

हिशेबात पहिला प्रश्न गाडीच्या किमतीचा नसून ती आपण किती वर्षे ठेवणार याचा असतो. गाडीच्या खर्चात घसाऱ्याचा, म्हणजे किमतीत दरवर्षी होणाऱ्या घटीचा, वाटा बहुधा सर्वांत मोठा असतो, आणि ही घट सर्व वर्षांत सारखी होत नाही. पहिल्या वर्षी ती सर्वांत वेगाने होते, कारण नव्या गाडीच्या किमतीत कर आणि विक्रेत्याचा नफा मिसळलेला असतो आणि तो भाग दुसरा ग्राहक पुन्हा मोजायला तयार नसतो. पुढे घट मंदावत जाते.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नव्या गाडीची किंमत १०० मानली, तीन वर्षांनी ती ६० झाली, आठ वर्षांनी ३० आणि बारा वर्षांनी १५. नवी गाडी घेऊन तीन वर्षांत विकणाऱ्याचे ४० गेले, म्हणजे वर्षाला सुमारे १३. तीच गाडी तीन वर्षांची असताना ६० ला घेऊन पुढे पाच वर्षे चालवणाऱ्याचे वर्षाला ६ गेले. फरक दुपटीहून अधिक आहे. पण नवी गाडी पूर्ण बारा वर्षे ठेवणाऱ्याचे वर्षाला सुमारे ७ जातात, आणि तीन वर्षांची गाडी घेऊन ती बारा वर्षांची होईपर्यंत वापरणाऱ्याचे ५. आता फरक वर्षाला दोनचाच उरला, आणि वापरलेल्या गाडीची जास्तीची दुरुस्ती व तिच्या कर्जावरचे जास्तीचे व्याज त्यातूनच भागवायचे आहे. म्हणून दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने नवी गाडी घेणे हा सर्वांत महाग पर्याय ठरतो, तर घेतलेली गाडी शेवटपर्यंत वापरणाऱ्याला नवी गाडी वाटते तितकी महाग पडत नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. जे मॉडेल ‘किंमत टिकवणारे’ म्हणून ओळखले जाते, ते वापरलेले घेण्यात फायदा कमी असतो. वरच्या उदाहरणात तीन वर्षांनी किंमत ६० ऐवजी ८० आणि आठ वर्षांनी ४५ राहिली, तर वापरलेल्या गाडीचे वर्षाला ७ जातात आणि नवी घेऊन आठ वर्षे ठेवली तरी जवळपास तेवढेच. अशा वेळी संपूर्ण वॉरंटी आणि स्वच्छ इतिहास असलेली नवी गाडीच मी पसंत करेन. उलट ज्या चांगल्या गाड्यांची किंमत केवळ फॅशन बदलल्यामुळे किंवा नवे रूप बाजारात आल्यामुळे घसरते, त्या वापरलेल्या घेणाऱ्याला खरा लाभ देतात. आपल्या मनातल्या मॉडेलचे एक, तीन, पाच आणि आठ वर्षांच्या गाड्यांचे चालू भाव शेजारी-शेजारी मांडले की त्याची घट कशी होते हे अर्ध्या तासात कळते.

घसाऱ्यानंतर कर्ज. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा जास्त आणि मुदत कमी असते, त्यामुळे दोन्ही पर्यायांत मासिक हप्ता न पाहता मुद्दल व व्याज मिळून भरायची एकूण रक्कम पाहावी. लांब मुदतीचा छोटा हप्ता फसवा असतो, कारण सुरुवातीची काही वर्षे गाडीची किंमत शिल्लक कर्जाहूनही खाली राहू शकते. त्या काळात गाडीचे अपघातात पूर्ण नुकसान झाले, तर विमा कंपनी साधारणपणे गाडीची त्या वेळची किंमत देते आणि उरलेले कर्ज आपल्या डोक्यावर राहते. विम्याचा हप्ता बहुधा नव्या गाडीचा जास्त असतो, तो प्रत्यक्ष विचारून घ्यावा.

वापरलेल्या गाडीच्या किमतीत पहिल्या वर्षाचा दुरुस्तीचा निधी मिळवूनच तिची तुलना नव्या गाडीशी करावी. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच, इंजिनाचा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) या ठरावीक आयुष्याच्या वस्तू आहेत, आणि अनेक मालक नेमके त्या बदलण्याची वेळ आली की गाडी विकायला काढतात. माझ्या मते किमतीचा निदान दहावा भाग वेगळा ठेवता येत नसेल, तर ती गाडी आपल्या आवाक्याबाहेरची समजावी. विशेषतः महागड्या वर्गातील जुनी गाडी घेताना हे विसरू नये, कारण तिची किंमत उतरली तरी सुट्या भागांच्या किमती उतरत नाहीत.

आपला रोजचा प्रवासही विचारात घ्यावा. ज्याचे अंतर कमी, त्याच्या खर्चात इंधनाचा वाटा छोटा असतो. केवळ नव्या इंजिनाच्या मायलेजसाठी त्याने मोठी रक्कम गुंतवू नये. आधुनिक डिझेल गाडीच्या धुराड्यातील काजळीचा फिल्टर स्वच्छ होण्यासाठी मात्र तिला मधूनमधून सलग, वेगाचा प्रवास लागतो. जी डिझेल गाडी आयुष्यभर छोट्या फेऱ्यांत चालली, तिचा कमी किलोमीटरचा आकडा ही जमेची बाजू न राहता शंकेची जागा होते.

सुरक्षिततेला हिशेबात वेगळे स्थान

पैशांच्या हिशेबात न मावणारी एक गोष्ट म्हणजे सुरक्षितता. घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली; इतरत्र किंवा त्याआधीच्या गाड्यांत ती असेलच असे नाही. किती जुनी गाडी घ्यायची याची सीमा म्हणूनच वयावरून न आखता अशा यंत्रणांवरून आखावी. माझ्या दृष्टीने ही यंत्रणा, चाके जाम होऊ न देणारे अँटी-लॉक ब्रेक आणि पुरेशा एअरबॅग नसतील तर स्वस्ताईला अर्थ नाही. धडक-चाचणीचे तारे वाचताना चाचणीचे वर्षही पाहावे, कारण निकष काळानुसार कडक होत गेले आहेत आणि दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचे नसतात.

यालाच जोडून परत-बोलावणीची चौकशी करावी, म्हणजे दोष आढळल्यामुळे कंपनीने मोफत दुरुस्तीसाठी बोलावलेल्या गाड्यांत ही गाडी आहे का ते पाहावे. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधील स्फोटक रसायन उष्णता आणि दमटपणाने बिघडत असल्याचे उघड झाल्यावर जगभरातून कोट्यवधी गाड्या परत बोलावण्यात आल्या. अशी दुरुस्ती राहून गेलेली गाडी बाहेरून ओळखू येत नाही. चासी क्रमांकावरून मात्र कंपनीकडे खात्री करता येते.

वापरलेल्या गाडीची तपासणी

वापरलेल्या मालाच्या बाजारातली खरी अडचण अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने मांडली, आणि २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. विक्रेत्याला गाडीचे खरे स्वरूप माहीत असते, ग्राहकाला नसते. म्हणून ग्राहक सरासरी भावच देऊ करतो, आणि त्या भावाला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. परिणामी बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते. आपल्याला जे काही करायचे आहे ते या माहितीतील दरी कमी करण्यासाठीच.

गाडी दिवसाच्या उजेडात आणि कोरडी असताना पाहावी, कारण ओल्या पत्र्यावर रंगातील फरक आणि पोचे लपतात. आपण पोहोचण्यापूर्वी ती सुरू करू नये असे विक्रेत्याला सांगावे आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. इंजिन आधीच गरम असेल, तर थंड इंजिन सुरू होतानाच्या तक्रारी दिसणार नाहीत. सुरू झाल्यावर निळसर धूर आला तर इंजिन तेल जाळत आहे, दाट पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर शीतक द्रव ज्वलनकक्षात जात असण्याची शक्यता आहे, आणि काळा धूर इंधनाचे प्रमाण बिघडल्याचे सुचवतो. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला, तर मेकॅनिकने कारण स्पष्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अपघाताच्या खुणा दरवाजे, बॉनेट आणि डिक्की यांच्या फटींत शोधाव्यात. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या हव्यात आणि पत्र्याच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला नसावा. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळाले तर फारच उत्तम: कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो, आणि एखाद्याच भागावर त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा आला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे. पुरात बुडालेली गाडी धुऊन चकाचक करता येते, पण गालिच्याखालचा गाळ, सीटच्या खालच्या सांगाड्यावरचा गंज, दिव्यांत साठलेला ओलावा आणि वायरींच्या जोडांवरचा हिरवट गंज सहसा राहून जातो. अशी गाडी कोणत्याही भावाला घेऊ नये, कारण तिचे विद्युत दोष वर्षानुवर्षे एकेक करून बाहेर पडतात.

किलोमीटरचा आकडा एकट्याने खरा मानू नये. पेडलचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड, चालकाच्या सीटचा बसलेला कोपरा आणि सर्व्हिसिंगच्या पावत्यांवरचे आकडे त्याच्याशी जुळले पाहिजेत. टायरच्या कडेवर चार अंकी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. थोड्याच किलोमीटर चाललेल्या नव्या गाडीचे टायर तिच्यापेक्षा अलीकडचे निघाले, तर ते का बदलावे लागले हे विचारावे. एकाच कडेने झिजलेला टायर चाकांची जुळणी बिघडल्याचे किंवा अपघातात सांगाडा वाकल्याचे सांगतो.

मेकॅनिक आपला असावा, विक्रेत्याने सुचवलेला नसावा. त्याने गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडून दोषांचे कोड तर वाचावेतच, पण हा संगणक गाडीच्या यंत्रणांवर आपोआप करतो त्या स्वयंचाचण्या पूर्ण झालेल्या आहेत का हेही पाहावे. त्या अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसले गेले असण्याची किंवा बॅटरी काढली गेली असण्याची शक्यता असते. काही दिवस चालवून पुन्हा तपासू द्या, असे अशा वेळी सांगावे. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीची शिल्लक क्षमता लेखी मागावी आणि तिची वॉरंटी, जी अनेक कंपन्या आठ वर्षांची देतात, दुसऱ्या मालकाकडे जाते का ते कंपनीकडून कळवून घ्यावे.

कागदपत्रांत सतरा अक्षरी चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी अक्षरन् अक्षर पडताळावा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरली जात नाहीत, म्हणून त्यांपैकी एखादे दिसले तर काहीतरी चुकले आहे. गाडीवर कर्जाचा बोजा नाही याचा लेखी पुरावा मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

ज्याला ही सगळी तपासणी करवून घेणे शक्य नाही, त्याच्यासाठी मधला मार्ग आहे: कंपनीच्याच अधिकृत विक्रेत्याकडील प्रमाणित वापरलेली गाडी किंवा शोरूमची प्रात्यक्षिकाची गाडी. तिचा भाव खुल्या बाजारापेक्षा जास्त असतो, आणि तो जास्तीचा पैसा नेमका कशासाठी दिला हे प्रमाणपत्रातील अपवाद वाचूनच कळते. इंजिन आणि गिअरबॉक्स वगळणारी वॉरंटी असेल, तर त्या जास्तीच्या पैशाला आधार उरत नाही.

शेवटी वापरलेली गाडी घेतलीच, तर पहिल्या आठवड्यात इंजिनाचे तेल, सर्व फिल्टर, ब्रेकचा द्रव आणि शीतक बदलून घ्यावे, आणि टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे. अनेक इंजिनांत हा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि संपूर्ण इंजिनच उघडावे लागते. त्यामुळे त्याचा खर्च खरेदीच्या वाटाघाटीतच मांडावा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागावी.