सूचनापेटीची किल्ली

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागलात की पहिली नेमणूक बहुधा तात्पुरती असते, आणि ज्या कामाला कुणी हात लावत नाही ते काम नव्या माणसाकडे येतं. माझ्याकडे सूचनापेटी आली. मी खानापूर तालुक्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. बेळगाव जिल्ह्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागले त्याच आठवड्यात इश्यू काउंटरवरच्या मामांनी पेटीची किल्ली दिली. आत पाचसहा महिन्यांच्या चिठ्ठ्या होत्या. मराठी, कन्नड, इंग्रजी, काही तिन्हींची मिसळ. एकीवरही 'वाचली' अशी सही नव्हती. सीमाभागातली जी मुलं आता या क्षेत्रात येत आहेत, त्यांना उपयोगी पडेल म्हणून त्या पेटीनं मला काय शिकवलं ते लिहिते.

सगळ्यात वरच्या चिठ्ठीत एकच ओळ होती: 'मराठीची पुस्तकं ठेवा, तिसऱ्यांदा लिहितोय.' मी संगणकावर मोजणी पाहिली. मराठीची पुस्तकं भरपूर होती. लगेच उत्तर टाइप करून बोर्डावर लावलं: 'पुस्तके उपलब्ध आहेत, ओपॅकमध्ये शोधावे.' ओपॅक म्हणजे वाचकांना पुस्तकं शोधण्यासाठी असलेली ग्रंथालयाची संगणकीय यादी. दुसऱ्या दिवशी एम.ए.चा एक विद्यार्थी तो कागद हातात घेऊन आला. भांडला नाही. 'मॅडम, तुम्हीच शोधून दाखवा की,' एवढंच म्हणाला.

मी ओपॅकवर बसले. देवनागरीत 'ज्ञानेश्वरी' टाइप केलं, शून्य. रोमनमध्ये आपण लिहितो तसं डी-एन-वाय असं सुरू केलं, तरी शून्य. मग माझ्या डोक्यात आलं. मच्छेजवळच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या आवाराचं नाव 'ज्ञानसंगम'; त्याचं इंग्रजी स्पेलिंग जे-एन असं सुरू होतं. कन्नड वळणानं 'ज्ञ' तसाच लिहितात. तसं टाइप केलं आणि दहाबारा नोंदी समोर आल्या. ज्यानं कधीकाळी नोंदी भरल्या त्यानं काही चूक केली नव्हती, त्याला जसं ऐकू येतं तसं त्यानं लिहिलं होतं. पण मराठी मुलाच्या दृष्टीनं ती पुस्तकं नव्हतीच.

पुढे रॅककडे गेलो तर आणखी एक गोष्ट कळली. मुलं कन्नड साहित्याच्या आसपास मराठी शोधायची, कारण गावात दोन्ही भाषा शेजारी नांदतात. पण पुस्तकांना विषयवार अंक देऊन फळीवर लावायच्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ आणि कन्नडचा ८९४.८१४. एक आर्य भाषांच्या रांगेत, दुसरी द्राविडी. मधे फारसी येते, रशियन येते. आमच्याकडे तर मधे एक जिनाही होता.

ती चूक माझी होती. जागेवर न जाता मी उत्तर दिलं होतं. तेव्हापासून माझा नियम आहे: रॅकपाशी जाऊन आल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. संगणक 'उपलब्ध' म्हणतो तेव्हा पुस्तक बाइंडिंगच्या ढिगात, परताव्याच्या ट्रॉलीत किंवा भलत्याच फळीवर असू शकतं. मार्क नोंदीत, म्हणजे संगणकात पुस्तकाची माहिती ठरावीक रकान्यांत भरतात त्या नोंदीत, पर्यायी शीर्षकासाठी २४६ हे फील्ड असतं. संध्याकाळी काउंटर रिकामा झाला की त्यात मी देवनागरी शीर्षक भरू लागले, दिवसाला वीस-पंचवीस नोंदी. काम कंटाळवाणं आहे, पण एका चिठ्ठीला दिलेलं इतकं खरं उत्तर मी नंतर क्वचितच दिलं. आणि हो, जिन्यापाशी मराठी रॅककडे बाण दाखवणारी पाटीही लावली. तिला एक दिवस लागला.

'हे पुस्तक मागवा' अशी चिठ्ठी आली की नवा माणूस एक तर लगेच हो म्हणतो किंवा गप्प बसतो. दोन्ही नको. आधी प्रत आहे का, कुठली आवृत्ती आहे ते पाहायचं. मग विभागप्रमुखांची शिफारस, ग्रंथालय समितीची मंजुरी, पुरवठादाराला ऑर्डर. पुस्तक आल्यावर दाखल नोंद, वर्गीकरण, तालिकीकरण म्हणजे यादीत नोंद, आणि मग फळी. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, त्यामुळे फेब्रुवारीत मागितलेलं पुस्तक नव्या वर्षावर ढकललं जाण्याची शक्यता जास्त. हे वाचकाला सांगा. मराठी पुस्तकांचा आमचा अनुभव असा की बेंगळुरूकडचे पुरवठादार ती आणायला टाळाटाळ करतात, कोल्हापूर-पुण्याकडून मागवावी लागतात. तोवर त्या मुलाला हात हलवत पाठवायचं नाही. डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासदत्व असेल तर आंतरग्रंथालयीन उसनवारी होते. प्रबंध हवा असेल तर शोधगंगा हा भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह आहे. बेळगाव शहरात १८४८ साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय आहे, जुनं मराठी पुस्तक हवं असेल तर मी बिनदिक्कत तिथला रस्ता दाखवते. आपल्याकडे नाही हे सांगण्यात कमीपणा कसला? भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सूत्र मांडलं ते प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं. ते आपल्याच इमारतीत मिळावं असं नव्हे.

पंखे, पाणी, बडबड, मोबाइल या तक्रारी रोजच्या. त्या ज्याच्या त्याच्याकडे त्याच दिवशी लेखी पाठवा आणि पुढे विचारत राहा.

दंडाच्या तक्रारी मात्र नीट वाचा. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की महामार्गावर बंदोबस्त असतो, बस वळवतात. अशाच एका आठवड्यात बाहेरगावच्या एका मुलीचं पुस्तक चार दिवस उशिरा आलं आणि तिला दंड लागला. रक्कम किरकोळ होती. तिनं लिहिलं होतं, 'पैसे भरते, पण चूक माझी नाही एवढं लिहून द्या.' मी ती चिठ्ठी ग्रंथपालांपुढे ठेवली. दंड माफ झाला आणि मुख्य दारापाशी परताव्याची पेटी बसली, म्हणजे काउंटर बंद झाल्यावरही पुस्तक टाकून शेवटची बस गाठता येते. ही कल्पना त्या चिठ्ठीत कुठंच नव्हती. आम्ही तिला बोलावून 'येतेस कशी, जातेस कशी' असं विचारलं, तेव्हा ती निघाली.

मोठी तक्रार, म्हणजे भेदभावाची किंवा गैरवर्तनाची, पेटीत सापडली तर स्वतः मिटवायला जाऊ नका. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. चिठ्ठी ग्रंथपालांकडे द्या, पोच घ्या, आणि लिहिणाऱ्याचं नाव चहाच्या टेबलावर काढू नका.

नकारही लेखी द्या. 'रात्री दहापर्यंत वाचनकक्ष उघडा ठेवा' या मागणीला आम्ही नाही म्हणालो, कारण रात्रपाळीला पहारेकरी नव्हता. तेच कारण, तारीख आणि परीक्षेच्या काळात पुन्हा विचार करू हे वाक्य बोर्डावर लावलं. मुलं नाराज झाली, पण त्याच मागणीच्या नव्या चिठ्ठ्या थांबल्या. परीक्षेच्या महिन्यात खरंच दोन तास वाढवून मिळाले.

आता भाषेचं. ज्या भाषेत चिठ्ठी, त्याच भाषेत उत्तर. मराठी मुलाला कन्नडमध्ये उत्तर मिळालं तर त्याला काय वाटतं हे मला घरातूनच माहीत आहे, म्हणून कन्नड चिठ्ठीला मराठीत उत्तर द्यायला माझा हात धजत नाही. कन्नड लिहायला मी नोकरीत आल्यावर शिकले. माझं कन्नड उत्तर अजूनही बोर्डावर लागण्याआधी शेजारच्या टेबलावर जातं. तिथले सर पेन्सिलीनं जोडाक्षरं दुरुस्त करून देतात, आणि मराठी चिठ्ठ्यांची त्यांची उत्तरं माझ्याकडे येतात.