नव्या होस्टवर साइट नेली आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं? या चुका टाळा

केळीचे रोजचे भाव दाखवणारी रावेरच्या आडत दुकानाची साइट असो, जळगावच्या सराफाचा दागिन्यांचा कॅटलॉग असो किंवा नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याची ऑर्डर-नोंद, होस्ट (साइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवतो ती कंपनी) बदलताना सगळे दोन गोष्टी आठवणीने नेतात. एक फायली, दुसरा डेटाबेसचा डंप, म्हणजे त्यातल्या माहितीची एका फाइलमध्ये काढलेली प्रत. तिसरी गोष्ट मागेच राहते, ती म्हणजे अधिकार.

साइटची माहिती सांभाळणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमधले युजर आणि त्यांचे हक्क तुमच्या डेटाबेसमध्ये नसतात. ते सर्व्हरच्या स्वतःच्या, ‘मायएसक्यूएल’ याच नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात. त्यामुळे तुमच्या डेटाबेसचा डंप कितीही नीट काढला, तरी त्यातून टेबलं येतात, युजर येत नाही. नव्या जागी युजर तयार करायचा, त्याला पासवर्ड द्यायचा आणि त्याला डेटाबेसशी जोडायचं, ही तीन कामं पुन्हा हातानेच करावी लागतात.

एररची ओळ अर्धीच वाचणे

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. ‘ॲक्सेस डिनाइड’ एवढं वाचलं की लोक पासवर्ड बदलत बसतात. पण त्या ओळीत तीन उत्तरं असतात: कोण आलं, कुठून आलं आणि पासवर्ड घेऊन आलं का. समजा ओळ अशी आहे:

१०४५: ॲक्सेस डिनाइड फॉर युजर ‘रावेर_भाव’@‘लोकलहोस्ट’ (युजिंग पासवर्ड: येस)

(आज्ञा आणि नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना रोमन लिपीच वापरायची.)

शेवटी ‘नो’ असेल तर पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाही. म्हणजे कॉन्फिगची फाइल (जिच्यातून साइट डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड घेते) वाचली जात नाही किंवा त्यात पासवर्डची जागा रिकामी आहे. अशा वेळी होस्टच्या पॅनेलमध्ये पासवर्ड दहादा बदलून उपयोग नाही. ‘येस’ असेल तर पासवर्ड चुकीचा आहे किंवा त्या नावाचा युजर त्या ठिकाणाहून येण्यासाठी नोंदलेलाच नाही. हे ‘त्या ठिकाणाहून’ फार महत्त्वाचं आहे. मायएसक्यूएलच्या दृष्टीने ‘रावेर_भाव’@‘लोकलहोस्ट’ आणि ‘रावेर_भाव’@‘%’ (‘%’ म्हणजे कुठूनही) ही दोन वेगळी खाती आहेत. त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, हक्कही वेगळे.

आकडा बदलला की रोगही बदलतो. १०४४ म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, पण या युजरला या डेटाबेसवर हक्क नाही. सीपॅनेल या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये युजर बनवणं आणि त्याला डेटाबेसला जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं हमखास विसरलं जातं. ‘ॲड युजर टू डेटाबेस’मध्ये जाऊन ‘ऑल प्रिव्हिलेजेस’वर खूण करा, पुढच्या मिनिटाला साइट उघडते. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. ११४२ म्हणजे डेटाबेसपर्यंत पोहोचलात, पण त्या टेबलावर ते काम करायची मुभा नाही. २००२ हा तर हक्काचा प्रश्नच नव्हे, कारण तिथे सर्व्हरशी गाठच पडलेली नसते. आधी होस्टचं नाव तपासा.

वर्डप्रेस मात्र हा आकडा दाखवत नाही. ते बहुतेक वेळा ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ एवढंच सांगतं. खरा आकडा पाहायचा तर सर्व्हरचा एरर लॉग उघडा, किंवा टर्मिनलवरून त्याच युजरने, त्याच पासवर्डने थेट मायएसक्यूएलमध्ये शिरून बघा.

नाव, पासवर्ड आणि होस्ट लिहिताना

सीपॅनेलमध्ये डेटाबेस आणि युजर दोघांच्या नावाआधी खात्याचं नाव व अंडरस्कोअर चिकटतं. तुम्ही ‘भाव’ लिहिलंत, तरी खरं नाव ‘रावेर_भाव’ होतं. कॉन्फिगमध्ये पूर्ण नाव हवं. नव्या होस्टवर खात्याचं नाव वेगळं असेल तर हा सुरुवातीचा भागही बदलतो. म्हणून जुनी फाइल जशीच्या तशी ठेवून चालत नाही.

पासवर्डमध्ये डॉलरचं चिन्ह असेल आणि पीएचपीच्या (साइट ज्या भाषेत लिहिलेली असते तिच्या) फाइलमध्ये तो दुहेरी अवतरणात लिहिला असेल, तर डॉलरपुढची अक्षरं पीएचपी व्हेरिएबल समजतं आणि पासवर्ड मधेच तुटतो. एकेरी अवतरण वापरा. साइट लॅरावेल या पीएचपी फ्रेमवर्कवर असेल तर त्याच्या एन्व्ह या कॉन्फिग फाइलमध्ये हॅश (#) असलेला पासवर्ड अवतरणात घाला. आणि ती फाइल बदलल्यावर ‘पीएचपी आर्टिसन कॉन्फिग:क्लिअर’ चालवा. जुनं कॉन्फिग कॅशमध्ये पडून असेल तर तुम्ही फाइलमध्ये केलेली दुरुस्ती साइटला दिसतच नाही.

होस्टच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की लिनक्सवर जोडणी सॉकेट फाइलमधून, म्हणजे मशीनच्या आतल्या आत होते. १२७.०.०.१ लिहिलं की ती टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या रस्त्याने, ३३०६ पोर्टवरून होते. मशीन एकच, रस्ते दोन. काही होस्टवर डेटाबेस वेगळ्याच सर्व्हरवर असतो, तिथे पॅनेलमध्ये दिलेलं नावच लिहावं लागतं.

दुकानातलं सॉफ्टवेअर आणि बदलणारा आयपी

आपल्याकडे ही अडचण नेहमी येते, म्हणून जरा सविस्तर. आडत दुकानात डेस्कटॉपवर हिशोबाचं सॉफ्टवेअर असतं आणि संध्याकाळी ते दिवसाचा भाव थेट साइटच्या डेटाबेसमध्ये टाकतं. साइट नव्या होस्टवर व्यवस्थित चालते, पण दुकानातून एरर ११३० येते: अमुक आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) या सर्व्हरशी जोडणीची परवानगी नाही. कारण साधं आहे. साइट सर्व्हरच्या आतून येते, दुकान बाहेरून. जुन्या होस्टवर कुणीतरी कधीकाळी पॅनेलमधल्या ‘रिमोट मायएसक्यूएल’मध्ये दुकानाचा आयपी घातला होता. ती नोंद आपोआप इकडे येत नाही.

नवा आयपी घातला की काम चालू होतं. चार दिवसांनी राउटर बंद-चालू होतो, साध्या ब्रॉडबँडचा आयपी बदलतो आणि पुन्हा ११३०. इथे वैतागून आयपीच्या जागी ‘%’ टाकण्याचा मोह होतो. तो टाळाच. ‘%’ म्हणजे जगातल्या कुठल्याही मशीनला दार ठोठावायची मुभा, आणि ३३०६ पोर्टवर पासवर्ड चाचपडणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात. इंटरनेट कंपनीकडून स्थिर आयपी घ्या, नाहीतर एसएसएच टनेल (सर्व्हरपर्यंत जाणारा सुरक्षित बोगदा) वापरा. टनेलमधून आलेली जोडणी सर्व्हरला आतलीच वाटते, बाहेरच्या आयपीचा प्रश्नच राहत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे साइटवर एक छोटी पीएचपी फाइल ठेवणं, जी एचटीटीपीएसवरून गुप्त किल्लीसह आलेला भाव स्वीकारते. मग डेटाबेस बाहेर उघडावाच लागत नाही.

साइट उघडते, पण सेव्ह होत नाही

हा सगळ्यात फसवा प्रकार. पानं दिसतात, कालचा भाव दिसतो, नवा भाव सेव्ह केला की १४४९: डिफायनर म्हणून दिलेला युजर अस्तित्वात नाही. डेटाबेसमध्ये ट्रिगर, व्ह्यू किंवा प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवून ठेवलेल्या आज्ञा) असेल तर डंपमध्ये तो कुणी बनवला त्याचं नाव ‘डिफायनर’ म्हणून लिहिलेलं असतं. ते नाव जुन्या होस्टवरचं. ट्रिगर चालायला लागला की सर्व्हर त्या माणसाला शोधतो आणि तो इथे नसतो. साधारण युजरने असा डंप आयात करायला घेतला, तर बहुतेक वेळा १२२७ (पुरेसे हक्क नाहीत) येऊन काम तिथेच अडतं. होस्टच्या मदतनीसाने रूट या सर्वाधिकारी खात्याने आयात करून दिला तर डंप बिनबोभाट आत जातो आणि एरर नंतर उगवते.

उपाय: डंपची प्रत काढा, एडिटरमध्ये ‘डिफायनर’ शोधा, प्रत्येक ठिकाणी नव्या युजरचं नाव घाला आणि त्याच युजरने लॉगिन करून आयात करा. पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) कधीकधी वेगळ्याच खात्याने आत शिरतं, म्हणून आधी ‘सिलेक्ट करंट_युजर()’ चालवून खात्री करा. आणि प्रोसिजर असतील तर जुन्या होस्टवर डंप काढतानाच ‘रूटीन्स’ हा पर्याय लावा. तो आपोआप लागत नाही, ट्रिगर मात्र आपोआप येतात.

जुनं पीएचपी, नवं मायएसक्यूएल

मायएसक्यूएल ८.० पासून नव्या युजरला ‘कॅशिंग_शा२_पासवर्ड’ ही पासवर्ड तपासायची पद्धत आपोआप लागते. पीएचपी ७.४ पूर्वीच्या साइटला ती नीट समजत नाही आणि २०५४ येते. पीएचपी वाढवणं हेच खरं औषध. ‘मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड’वर परत जाणं ८.० मध्ये जमतं, पण ८.४ मध्ये ही पद्धत मुळातच बंद असते आणि ९.० मधून ती काढूनच टाकली आहे. ८.० मध्ये आणखी एक बदल आहे: ‘ग्रँट’ने युजर आता आपोआप तयार होत नाही. आधी ‘क्रिएट युजर’, मग ‘ग्रँट’.

वर्डप्रेसमध्ये टेबलांचा प्रीफिक्स (नावाआधी लागणारा भाग) बदलला असेल तर डेटाबेस ठीक असूनही लॉगिननंतर ‘तुम्हाला हे पान पाहायची परवानगी नाही’ असं येतं. ऑप्शन्स टेबलातलं ‘युजर_रोल्स’ आणि युजरमेटा टेबलातलं ‘कॅपॅबिलिटीज’ यांच्या नावातही तोच प्रीफिक्स असतो, तो तिथेही बदला.

बदल करायच्या रात्री

आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (साइटचा जुना पत्ता इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. दुकानातल्या नोंदी संपल्यावर जुन्या साइटवर लिहिणं थांबवा आणि शेवटचा डंप तेव्हाच काढा. नाहीतर काही नोंदी जुन्या डेटाबेसमध्ये पडतात आणि सकाळी सापडत नाहीत. नव्या जागी साइटच्या युजरने शिरून ‘शो ग्रँट्स’ चालवा. तुमच्या डेटाबेसच्या नावाची ओळ त्यात दिसलीच पाहिजे. फक्त ‘युसेज’ दिसत असेल तर युजर आहे, हक्क शून्य आहेत.

सगळं चालू झालं की तपासणीसाठी सैल सोडलेले हक्क त्याच रात्री आवळा. दुकानातलं सॉफ्टवेअर अजून थेट डेटाबेसशी जोडलेलं असेल तर त्याला वेगळा युजर द्या आणि भावाच्या टेबलापुरतेच सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट हे तीन हक्क. डिलीट आणि ड्रॉप त्याच्या हातात नको.