मणक्याला सूज असताना मालिश: या चुका टाळा

वडोदऱ्यात पाठदुखीचे दोन हंगाम असतात. नवरात्र संपली की लोक कंबर धरून येतात आणि उत्तरायण संपली की मान धरून. नऊ रात्री गरबा खेळून किंवा दोन दिवस गच्चीत आभाळाकडे बघून दुखणारच. शेक घ्यावा, हलक्या हाताने मालिश करावी, आठवड्याभरात माणूस कामाला लागतो. त्यांना मी काही म्हणत नाही.

दांडिया बाजारातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या टेबलावर अधूनमधून दुसरीच एक पाठ येते. ती गरबा खेळो न खेळो, वर्षानुवर्षं दुखत असते. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस किंवा त्याच्या भावकीतला आजार. यात शरीराची प्रतिकारशक्तीच कण्याच्या सांध्यांवर उलटते आणि तिथे सूज धरते. मालिशने ही सूज जात नाही. आखडलेले स्नायू सुटतात, झोप बरी लागते, दुसऱ्या दिवशी व्यायाम करवतो. हे कमी नाही, पण लोकांना एवढ्यावर समाधान नसतं आणि मग पुढचे घोळ होतात.

दुखणं कुठलं ते न बघता तेलाची वाटी उचलणं

रावपुऱ्यातला एक पंचविशीतला मुलगा आईबरोबर आला होता. आईचं निदान तयार होतं: "ताई, याला गरब्याने कंबर धरलीय. ऐकत नाही, रात्रभर खेळतो." घरात दर रविवारी मालिशवाला येत असे, आणि हे काही वर्षं चाललं होतं. कधी उसण भरली म्हणायचे, कधी वात, कधी नस चढली.

मी मुलाला विचारलं, गरबा खेळताना दुखतं का? म्हणाला, "नाही, खेळताना तर मोकळं वाटतं." मग दुखतं कधी? पहाटे तीन-चारला जाग येते, उठून घरात फेऱ्या मारल्या की कमी होतं. सकाळी उठल्यावर तासभर लाकूड झालेलं असतं, मोजे आई घालून देते. एखादा महिना डावा कुल्ला दुखतो, मग उजवा. रविवारी पडून राहिलं की सोमवारी जास्त.

आता सांगा, खेळून लचकलेली कंबर खेळताना मोकळी होते का? श्रमाने झालेलं दुखणं विश्रांतीने कमी होतं. सुजेचं दुखणं विश्रांतीने वाढतं आणि हालचालीने उतरतं. वय चाळिशीच्या आत, दुखणं तीन महिन्यांहून जुनं आणि हळूहळू सुरू झालेलं, रात्रीच्या उत्तरार्धात जाग येणं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा, आलटून पालटून दुखणारे कुल्ले. यातल्या तीन-चार गोष्टी जुळल्या तर तेल कपाटात ठेवा आणि संधिवाताच्या डॉक्टरांना गाठा.

त्याचा एक्स-रे आधी झाला होता आणि "नॉर्मल" होता. यावरच घरचे निर्धास्त होते. सुरुवातीच्या काही वर्षांत एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, रक्तातला सीआरपी, म्हणजे सूज मोजायची तपासणी, तीसुद्धा. सूज दिसली ती एमआरआयमध्ये, सेक्रोइलियाक सांध्यात, म्हणजे कण्याचं खालचं टोक कमरेच्या मोठ्या हाडांना जिथे जुळतं तिथे. एचएलए-बी२७ ही या आजाराशी जोडलेली जनुकीय खूण शोधणारी रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली. (नुसती ती पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका, अनेक धडधाकट माणसांत ती तशी असते. बाकीची लक्षणं बघूनच डॉक्टर ठरवतात.)

मालिशवाल्याचा हात वाईट नव्हता. उलट चांगला होता, हीच पंचाईत. रविवार संध्याकाळपर्यंत पोराला इतकं बरं वाटायचं की डॉक्टरांकडे जाणं पुढच्या महिन्यावर ढकललं जायचं.

"कडाक" वाजवून घेणं

या चुकीवर मी चिडते, आधीच सांगून ठेवते.

आपल्याकडे पाठ धरली की पायाळू माणूस शोधतात. त्याने नुसता पाय लावला तर काही बिघडत नाही, कौतुक आहे तोवर ठीक. मग सहा वर्षांच्या नातवाला पाठीवर चालायला लावतात. आणि हल्ली मोबाइलवर बघून मानेला पंचा गुंडाळून हिसका देणारे निघाले आहेत. निरोगी तरुण पाठ हे बहुतेक वेळा सोसते. या आजारातली जुनी पाठ सोसत नाही.

बरीच वर्षं सूज राहिली की काहींच्या मणक्यांमध्ये हाडाचे पूल बांधले जातात. एक्स-रेमध्ये कणा बांबूसारखा दिसतो, डॉक्टरही त्याला बांबू स्पाइनच म्हणतात. गंमत अशी की बाहेरून हाड वाढत असतं आणि आतून तेच पोकळ होत असतं. म्हणजे कणा ताठही आणि ठिसूळही. तो वाकत नाही, मोडतो.

एका निवृत्त काकांची पाठ अशीच पुढे वाकलेली होती. लग्नघरात पाहुण्यांपैकी एकाने, फार चांगल्या भावनेने, पाठीला गुडघा लावून दोन्ही खांदे मागे ओढले. आवाज आला. सगळे खूश, "बसली जागेवर!" काका मात्र त्या रात्रीपासून झोपेनात. घरच्यांनी काय करावं? आणखी मालिश. माझ्याकडे आणलं तेव्हा मी त्यांना टेबलावर घेतलंच नाही. "नेहमीसारखंच दुखतं का?" या प्रश्नावर ते म्हणाले, "नाही हो, हे वेगळंच आहे, हललं की कळ येते." तेवढं पुरे होतं. साध्या एक्स-रेत नीट दिसलं नाही, सीटी स्कॅनमध्ये फ्रॅक्चर दिसलं. मज्जारज्जू वाचला, म्हणून आज काका चालतात.

म्हणून ज्यांना हा आजार आहे त्यांच्या घरच्यांनी पाठ करून ठेवा. पडल्यावर, गाडीला धक्का बसल्यावर किंवा कुणी हिसका दिल्यावर दुखण्याची जात बदलली, तर ते फ्रॅक्चर समजूनच चाला, धक्का किरकोळ असला तरी. वाकलेल्या माणसाला सपाट पाडून सरळ करू नका. मानेची नेहमीची ठेवण जशी आहे तशीच उशा लावून धरा, आणि अँब्युलन्सवाल्याला आजाराचं नाव सांगा, कारण त्याचा हात आधी मान सरळ करायलाच जाणार.

जोरात चोळलं म्हणजे गुण आला

"ताई, जरा दाबून द्या, पैसे वसूल झाले पाहिजेत." अधीर माणसं पहिल्याच दिवशी हे म्हणतात. सूज उसळलेली असताना खोल दाब देऊ नये. या आजारात स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतात तिथेही सूज असते: टाचेची मागची बाजू, बसतो ती हाडं, छातीच्या बरगड्यांचे सांधे. तिथे अंगठा खुपसणं म्हणजे नुसती शिक्षा. मी आधी दहा मिनिटं शेक देते, मग तळहाताने कण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कुल्ल्याचे स्नायू. प्रत्यक्ष मणक्यांवर दाब नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही ठणकत असेल तर दाब जास्त झाला, पुढच्या वेळी निम्मा.

आणि पाठ दुखते म्हणून सगळे पाठच चोळतात! वाकून वाकून छातीचे आणि जांघेच्या पुढचे स्नायू आखडलेले असतात, त्यांना कुणी विचारत नाही.

मालिश झाली की पांघरूण घेऊन झोपणं

आमच्या दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. तिथले व्यायामगुरू राजरत्न माणिकराव यांचं नाव इथल्या जुन्या घरांत अजून निघतं. पुढे लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आखाड्यात मालिश व्यायामाच्या जोडीनेच येत असे. आपण मालिश ठेवली आणि व्यायाम टाकला.

स्नायू सुटले की तासाभराच्या आत हालचाल करून घ्या, ती वेळ सोन्याची असते. माझे पेशंट दहा-पंधरा मिनिटं पालथे पडून राहतात, मग बरगड्या फुगवून दीर्घ श्वास घेतात, मग भिंतीला टाचा, कुल्ले, खांदे आणि डोकं टेकवायचा प्रयत्न करतात. डोकं टेकत नसेल तर भिंतीपासूनचं अंतर फुटपट्टीने मोजून महिन्यातून एकदा वहीत लिहा. लालबागच्या तलावात पोहायला मिळालं तर उत्तम, पोहण्याइतकं दुसरं काही मला यात पटत नाही. ज्यांना पालथं झोपताच येत नाही त्यांनी कुशीवर झोपून मालिश घ्यावी, जबरदस्ती नको.

बाकीच्या, थोडक्यात

मसाज गन मणक्यावर लावू नका. मुलाने वाढदिवसाला दिली असली तरी.

तेल तिळाचं की महानारायण, यावर भांडू नका. कातडी घसरती राहिली म्हणजे झालं.

"सगळे सांधे मोकळे करणाऱ्या" बिनलेबलच्या पुड्या घेऊ नका, त्यात बरेचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत जादू होते आणि हाडं आणखी ठिसूळ.

मालिशने बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या किंवा इंजेक्शन परस्पर बंद करू नका. बायोलॉजिकची, म्हणजे उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारी, इंजेक्शनं चालू असतील तर प्रतिकारशक्ती दबलेली असते. अंगावर गळू किंवा जखम असेल तर त्या आठवड्यात मालिश नको.

सिगारेट ओढत पाठीची काळजी करू नका. ती या आजारात कणा लवकर बिघडवते.

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, तर त्या दिवशीची माझी वेळ रद्द करा. या आजारात डोळ्याच्या आतही सूज येते आणि उशीर झाला तर नजरेवर बेतते. गुलाबपाणी घालत बसू नका, मेडिकलमधून विचारून आणलेले थेंबही नकोत. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि पाठीचा आजार आहे हे सांगा. ते विचारतीलच असं नाही.