संगणकाच्या यूपीएसची भारचाचणी

वीज गेल्यावर संगणक बॅटरीवर चालू ठेवणाऱ्या यूपीएसवरचा हिरवा दिवा वीजपुरवठा सुरू असल्याचे सांगतो. बॅटरीत किती दम उरला आहे, हे त्यावरून कळत नाही. जुनी झालेली शिसे-आम्ल बॅटरीसुद्धा भार नसताना, म्हणजे तिच्यावर काहीच चालत नसताना, मीटरवर साडेबारा व्होल्टच्या वर दाखवू शकते आणि भार पडताच मिनिटभरात कोसळते. म्हणून तिची परीक्षा भारावरच घ्यावी, आणि तीही संगणक जोडून नव्हे, तर जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब लावून. एलईडी दिवे फारच कमी वीज घेत असल्याने ते येथे उपयोगाचे नाहीत.

आधी आपला खरा भार मोजावा. संगणक व मॉनिटर मिळून किती वॅट घेतात, हे प्लगला लावायच्या वॅटमीटरवर दिसते. यूपीएसच्या क्षमतेचा व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आकडा पाहून फसू नये. 600 व्हीएचे यूपीएस बहुधा 360 वॅटच पेलते. भार 140 वॅट निघाला, तर 100 व 40 वॅटचे दोन बल्ब चिनीमातीच्या होल्डरमध्ये बसवून, कागद-कापडापासून दूर ठेवून, यूपीएसच्या बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटला जोडावेत.

चाचणीपूर्वी बॅटरी रात्रभर चार्ज होऊ द्यावी. ती फुगलेली किंवा गळत असल्यास चाचणी घेऊच नये. पुरवठा तोडताना यूपीएसचा प्लग उपसू नये, भिंतीवरचे बटण बंद करावे. बटणाने फेज तुटतो, पण अर्थिंग जोडलेले राहते, आणि उपकरण बॅटरीवर चालू असताना ते जोडलेले असणे अत्यंत महत्त्वाचे आहे.

बटण बंद करताच घड्याळ लावावे. बीपचा आवाज सुरुवातीला थांबून थांबून येतो आणि बॅटरी संपत आली की भराभर येऊ लागतो; बीप भराभर होऊ लागण्याची वेळ आणि बल्ब विझण्याची वेळ लिहून ठेवावी. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवर बॅटरीत कागदावर 84 वॅट-अवर असतात, पण 84 भागिले 140 म्हणजे 36 मिनिटे, हा हिशेब चुकीचा ठरतो. ती क्षमता 20 तासांत सावकाश वीज काढली तरच मिळते. शिवाय बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करणाऱ्या, यूपीएसमधल्या इन्व्हर्टरमध्येही काही वीज वाया जाते. त्यामुळे नव्या बॅटरीवरही साधारणतः याच्या निम्म्याहून कमी मिनिटे मिळतात. म्हणूनच तुलना उत्पादकाच्या तक्त्याशी, आणि त्याहून चांगले म्हणजे बॅटरी नवी असतानाच्या आपल्या स्वतःच्या नोंदीशी करावी. वेळ नव्या बॅटरीच्या वेळेच्या 80 टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी बदलण्याची तयारी करावी. बल्ब एक-दोन मिनिटांतच विझले, तर बहुधा एखादा सेल निकामी झालेला असतो.

बल्बच्या चाचणीत एक गोष्ट तपासली जात नाही: वीज जाण्याच्या क्षणी संगणक बंद पडतो का. त्यासाठी सर्व कामे जतन करून, संगणक बायोसच्या (विंडोजसारखी प्रणाली सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या) पडद्यावर ठेवून, तेच बटण एकदा बंद करून पाहावे. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला कधीच जोडू नये; त्याचा हीटर क्षणात शेकडो वॅट ओढतो.

बॅटरी पूर्ण रिकामी करण्याने तिचे आयुष्य थोडे घटतेच, म्हणून ही चाचणी वर्षातून दोनदा पुरे. महाराष्ट्रात त्यांतली एक वळवाच्या पावसाआधी, एप्रिलमध्ये, घ्यावी. चाचणी संपताच भिंतीवरचे बटण पुन्हा सुरू करावे, कारण रिकामी ठेवलेली बॅटरी लवकर खराब होते, आणि पुढचे आठ-दहा तास महत्त्वाचे काम त्या यूपीएसच्या भरवशावर सुरू करू नये.