कुत्र्याने घरातली वस्तू गिळली तर काय करायचं

आधी श्वास बघा. पंजाने तोंड ओरबाडतोय, घुसमटतोय, हिरड्या निळसर पडतायत म्हणजे वस्तू घशातच अडकलीये. समोर दिसत असेल आणि सहज हाताला येत असेल तरच काढा, न बघता बोटं घातली की ती अजून आत सरकते. नाही निघाली तर तडक दवाखाना.

श्वास ठीक असेल तर काय गिळलं, साधारण कधी, हे पक्कं करा, उरलेला तुकडा किंवा पाकीट सोबत घ्या, डॉक्टरांना फोन लावा. ते सांगेपर्यंत खायला काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

आता उलटीचं. फोन लागायच्या आत कोणीतरी सांगतंच की मिठाचं पाणी पाज, आणि हा सल्ला ऐकला की माझं डोकंच फिरतं. मिठाने रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की कुत्र्याला झटके येतात, जीवही जातो. हायड्रोजन पेरॉक्साइडने अन्ननलिकेला आणि पोटाला जखमा होतात, त्यामुळे डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय तेही नाही. मुळात उलटी करवायची की नाही हे काय गिळलंय त्यावर ठरतं. सुई, काच वर येताना फाडत येते, ड्रेन क्लीनर परत जाळत येतो, रॉकेल फुप्फुसात जाऊ शकतं. मोजा गिळला असेल तर डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवतात, पण तो पोटात आहे तोवरच, आणि तो पुढे आतड्यात कधी सरकेल सांगता येत नाही. म्हणून "सकाळी बघू" म्हणू नका. मला स्वतःला काही न पाजता नुसतं गाडीत बसणं फार जड जायचं, समोर आपलं लेकरू आणि आपण काहीच करत नाही असं वाटतं, पण तेव्हा दवाखान्यात पोचणं हाच उपचार असतो.

बटण बॅटरी किंवा एकापेक्षा जास्त लोहचुंबक असतील तर कुत्रा कितीही मजेत दिसू दे, लगेच निघा. बॅटरी तासाच्या आत अन्ननलिका जाळायला लागते, चुंबक आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि मधे भोक पडतं.

दोरा तोंडातून किंवा शेपटीखालून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही म्हणजे नाही! दुसरं टोक जिभेखाली नाहीतर पोटात अडकलेलं असतं आणि ओढलं की आतडं चिरतं.

एक्स-रे काढा, पण त्यात कापड, प्लॅस्टिक बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून एक्स-रे क्लिअर आला तरी सोनोग्राफीचं विचारा.

डॉक्टर म्हणाले घरी थांबा, तर रोज शी काडीने उकरून बघा. परत परत उलट्या, जेवण बंद, पोट कडक, पुढचे पाय ताणून मागचा भाग वर धरून राहतोय, यातलं एक जरी दिसलं तरी परत दवाखाना, रात्र असली तरी. आणि शी झाली म्हणजे सुटलो असं समजू नका, वस्तू पोटात कित्येक आठवडे तशीच पडून राहू शकते.